घर भाड्याने देताना : आधी लिहावे, मग किल्ली द्यावी

व्यापारी कुटुंबांत वही चोख ठेवण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोणाकडे किती माल गेला, किती रक्कम आली, किती येणे राहिले, हे रोजच्या रोज लिहिले जाते. त्याच कुटुंबाच्या मालकीची एखादी सदनिका, जुन्या वाड्यातील दोन खोल्या किंवा बाजारपेठेतील गाळा मात्र पुष्कळदा तोंडी बोलण्यावर चाललेला आढळतो. पाच हजारांची उधारी लिहून ठेवणारा गृहस्थ पन्नास लाखांची वास्तू ‘ओळखीचा माणूस आहे’ एवढ्या एका शब्दावर दुसऱ्याच्या हाती देतो. ‘पहले लिख, पीछे दे’ ही पेढीवरची जुनी शिकवण दुकानाच्या उंबरठ्याबाहेर आली की विसरली जाते.

याचा त्रास बहुधा ज्याने घर दिले त्याला होत नाही. तो कर्ता असतो, भाडेकरूशी त्याची ओळख असते, चार शब्द बोलून तो मार्ग काढतो. त्रास होतो तो त्याच्यामागे राहिलेल्यांना. अनेक घरांत वयस्क मातेचा किंवा विधवा भगिनीचा महिन्याचा खर्च त्या एका भाड्यावर चालतो. करार कोठे आहे, डिपॉझिट किती घेतले, मुदत केव्हा संपते, हे तिला ठाऊक नसते. भाडे थांबले की कोणाकडे जावे हेही उमगत नाही. म्हणून घर भाड्याने देण्याचा व्यवहार दुकानाइतक्याच काटेकोरपणे कसा करावा, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करणे अगत्याचे आहे.

अकरा महिन्यांचा गैरसमज

‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही,’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की ते कायद्यातलेच असावे असे वाटू लागते. त्याचे मूळ १९०८ च्या नोंदणी अधिनियमात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या अधिनियमानुसार सक्तीची असल्यामुळे एक महिना कमी करून नोंदणी टाळण्याची प्रथा पडली. परंतु महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि त्यातील कलम ५५ ने ही पळवाट बंद केली. या कलमानुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदलेला असला पाहिजे. मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची, त्याने फरक पडत नाही.

याच कलमातील दोन गोष्टी घरमालकांनी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उत्पन्न झाला, तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. भाडे पंधरा हजार ठरले होते असे मालक म्हणतो आणि आठ हजार ठरले होते असे भाडेकरू म्हणतो, तर सिद्ध करण्याचे ओझे मालकाच्या शिरावर येते. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टंकलिखित करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद या प्रसंगी नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

भाडेपट्टा आणि लीव्ह अँड लायसन्स

भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो. लायसन्सने केवळ ती वापरण्याची परवानगी मिळते. दिसायला हा फरक शब्दांचा वाटतो, परंतु मालकाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते आणि त्याला बाहेर काढण्यासाठी कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. लायसन्सवर राहणाऱ्याचा हक्क मात्र करारातील मुदतीपुरता असतो. अर्थात कागदाच्या डोक्यावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ असे लिहिले म्हणून काम भागत नाही. मजकूर आणि प्रत्यक्ष वर्तनही त्याला धरून असावे लागते. न्यायालय शीर्षकापेक्षा व्यवहाराचे स्वरूप पाहते.

लोक लायसन्सला इतके का जपतात, याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर जागेचा ताबा असलेल्यांना एका तारखेने भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या घटनेची धास्ती जुन्या घरमालकांच्या मनातून अनेक वर्षे गेली नाही आणि कित्येकांनी घरे कुलूप लावून रिकामी ठेवणे पसंत केले. आजचा कायदा वेगळा आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपूनही ती सोडली नाही, तर कलम २४ अन्वये मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तेथे लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, समोरच्या व्यक्तीला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी मूळ लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. घर रिकामे ठेवून ते ओल आणि वाळवीच्या स्वाधीन करण्यापेक्षा नोंदणीकृत लायसन्सवर देणे आता निश्चितच शहाणपणाचे आहे.

आणखी एक भीती येथेच दूर करावयास हवी. ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते,’ असे सर्रास म्हटले जाते. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, स्वतःला मालक म्हणवून ठेवलेल्या ताब्याला लागू होतो. मालकाच्या परवानगीने राहणारा मनुष्य केवळ वर्षे मोजून मालक होत नाही. मात्र परवानगी होती हे दाखविण्यासाठीसुद्धा कागद लागतोच.

नोंदणीचा खर्च खरोखर किती?

नोंदणी महाग पडते म्हणून ती टाळली जाते, असे सांगितले जाते. हिशेब करून पाहावा. लीव्ह अँड लायसन्सवर साठ महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी सध्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आहे. ते संपूर्ण मुदतीचे शुल्क आणि परत करावयाच्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर आकारले जाते.

समजा, सदनिका दरमहा २०,००० रुपयांनी २४ महिन्यांसाठी दिली आणि डिपॉझिट १,००,००० रुपये घेतले. चोवीस महिन्यांचे भाडे ४,८०,००० रुपये झाले. डिपॉझिटवरील दोन वर्षांचे व्याज २०,००० रुपये धरले. एकूण ५,००,००० रुपयांवर ०.२५ टक्के म्हणजे १,२५० रुपये मुद्रांक शुल्क. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. कागद हाताळणीचे शुल्क आणि काम करून देणाऱ्याचे मानधन वेगळे. पावणेपाच लाखांहून अधिक भाड्याच्या व्यवहारात शासनाला जाणारे हे सव्वादोन हजार वाचवून मनुष्य नेमके काय मिळवतो? शिवाय आता नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सुविधेमुळे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात रांग लावण्याचेही कारण उरलेले नाही. अधिकृत सेवा देणारा घरी येऊन अंगठ्याचे ठसे आणि छायाचित्रे घेतो. वयस्कर मालकांसाठी ही मोठी सोय आहे.

माणूस पारखताना

बँकेत कर्ज देताना अर्जदाराची ऐपत, पूर्वीची परतफेड आणि राहण्याचा पत्ता या तीन गोष्टी प्रथम पाहिल्या जातात. घर देणे हेही एका अर्थाने कर्ज देणेच होय. येथे रकमेऐवजी वास्तू दिली जाते. म्हणून नोकरीचे किंवा व्यवसायाचे प्रमाणपत्र पाहावे, आधार आणि पॅन यांच्या प्रती घ्याव्यात, कुटुंबात किती माणसे राहणार हे विचारावे. आणि सर्वांत उपयुक्त चौकशी म्हणजे आधीच्या घरमालकाला केलेला एक फोन. भाडे वेळेवर येत होते काय आणि घर सोडताना ते कोणत्या स्थितीत सोडले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून बहुतेक सर्व कळते.

नातेवाईक किंवा आपल्याच समाजातील माणूस असला की ही चौकशी करणे संकोचाचे वाटते. तथापि आडनाव हे वेळेवर भाडे देण्याची हमी नाही, तसेच परके आडनाव ही बुडवेगिरीची खूणही नाही. ज्याच्यासाठी कागद करण्याचा संकोच वाटतो, त्याच्याशीच वाद झाला तर नाते कायमचे तुटते. म्हणून जवळच्या माणसासाठी कागद अधिक आवश्यक. आहार, पाळीव प्राणी, पाहुण्यांचे मुक्काम यांविषयी घरमालकाच्या काही अपेक्षा असतील, तर त्या पहिल्याच भेटीत सौम्य शब्दांत सांगाव्यात. सामान आल्यावर बंधने सांगू लागणे दोघांनाही कष्टाचे होते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचे आदेश अनेक शहरांत वेळोवेळी काढले जातात आणि ते न पाळल्यास मालकावर कारवाई होऊ शकते. ही माहिती ऑनलाइन भरता येते. तिची पोच करारासोबत ठेवावी. सहकारी गृहनिर्माण संस्थेलाही कराराची प्रत देऊन कळवावे. संस्था बिनभोगवटा शुल्क आकारू शकते, परंतु राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. अनेक ठिकाणी मालक न विचारता मागेल तितके भरत राहतात; त्यांनी एकदा मेंटेनन्सचे बिल नीट वाचून पाहावे.

डिपॉझिट हे उत्पन्न नव्हे, देणे आहे

या संपूर्ण व्यवहारात व्यापारी कुटुंबांची सर्वांत मोठी चूक कोठे होत असेल, तर ती डिपॉझिटच्या बाबतीत. हाती आलेली रोख रक्कम मालात किंवा धंद्यात फिरवावी, ही व्यापाऱ्याची सवयच असते. त्यातून ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आली : मासिक भाडे नाममात्र किंवा मुळीच नाही, त्याऐवजी पाच-दहा लाखांची रक्कम एकदम घ्यावयाची.

याचा शेवट पुष्कळदा कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. आईच्या नावाची सदनिका सात लाख डिपॉझिटवर दिली जाते. ते सात लाख मुलाच्या दुकानात सणासुदीच्या मालासाठी गुंततात. दोन वर्षांनी आईला जिना चढवेनासा होतो आणि तळमजल्यावरच्या त्या सदनिकेत जाऊन राहावे असे ठरते. भाडेकरू सज्जन आहे. मुदत संपताच तो निघण्यास तयार होतो आणि आपली रक्कम मागतो. ती रक्कम मात्र उधारीत अडकलेली असते. मग घर आपले असूनही त्यात पाऊल ठेवता येत नाही, आणि भाडेकरूकडे बोट दाखविण्यासही जागा नसते. अशा वेळी नवा भाडेकरू आणून त्याचे डिपॉझिट जुन्याला देणे एवढाच मार्ग उरतो, आणि घर पुन्हा दोन वर्षे दुसऱ्याच्या हाती जाते. आई मात्र वरच्या मजल्यावरच राहते.

उपाय साधा आहे. डिपॉझिट खतावणीत जमेला पडले तरी ते भाडेकरूच्या नावाने देणे म्हणून लिहावे, उत्पन्न म्हणून नव्हे. ते करारमुदतीइतक्याच मुदतीच्या बँक ठेवीत वेगळे ठेवावे आणि ती पावती करारासोबत ठेवावी. व्याज मालकाचे, मुद्दल भाडेकरूचे. डिपॉझिट दोन ते तीन महिन्यांच्या भाड्याइतके असेल तर ते परत देणे कधीच जड जात नाही. २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठविला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे. हा मसुदा राज्याने स्वीकारल्याखेरीज आपोआप कायदा होत नाही. तरीही मोजमाप म्हणून ती मर्यादा रास्त आहे. रक्कम चेकने किंवा बँकेतूनच घ्यावी. एका व्यवहारात एका व्यक्तीकडून दोन लाख वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, हेही येथे ध्यानात असावे.

करारात काय असावे

तयार नमुन्यात नावे आणि रकमा भरल्या की करार झाला, असे मानू नये. पुढील बाबी स्पष्ट शब्दांत असाव्यात : मुदत सुरू होण्याची व संपण्याची तारीख, भाडे कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात जमा करावयाचे, मेंटेनन्स, मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि लाईट बिल यांपैकी काय कोणी भरावयाचे, मुदतीपूर्वी घर सोडावयाचे झाल्यास किती दिवसांची सूचना, नळ, बटणे, पंखे अशी किरकोळ दुरुस्ती कोणाकडे आणि गळती, वायरिंग, भिंती अशी मोठी दुरुस्ती कोणाकडे, पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई, आणि नूतनीकरणाच्या वेळी किती वाढ.

यासोबत सामानाची यादी जोडावी. पंखे, गिझर, गॅसची शेगडी, कपाटे, किल्ल्यांची संख्या, विजेच्या मीटरचा त्या दिवशीचा आकडा, हे सर्व लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि खोल्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. घर सोडताना होणारे बहुतेक तंटे ‘ही फरशी आधीच तडकलेली होती’ अशा वाक्यावरून होतात. यादी आणि छायाचित्रे असली की तंट्याला जागाच राहत नाही.

मुलांची शाळा असलेल्या कुटुंबाला घर देताना मुदत शक्यतो मे महिन्याच्या अखेरीस संपेल अशी ठेवावी. डिसेंबरात घर सोडावे लागले तर मुलांचे वर्ष वाया जाण्याची भीती असते आणि मग कोणताही बाप ‘परीक्षा होईपर्यंत थांबा’ असेच म्हणणार. एका तारखेच्या निवडीने हा पेच टळतो.

मुदत संपते तेव्हा

करार संपण्यापूर्वी दोन महिने पुढचा निर्णय घ्यावा. नवा करार करावयाचा असेल तर तो जुना संपण्याआधी नोंदवावा. करावयाचा नसेल तर लेखी कळवावे. मुदत संपून गेल्यावर नवा कागद न करता महिन्यामागून महिने भाडे स्वीकारीत राहणे हा निष्काळजीपणा आहे. नोंदणीकृत करारामुळे मिळालेली भक्कम भूमिका त्यामुळे आपल्याच हाताने कमकुवत होते.

भाडे थकले तर पहिल्याच महिन्यात बोलावे, दुसऱ्या महिन्यात लेखी कळवावे. सहा महिने सौजन्याने गप्प राहून सातव्या महिन्यात संतापणे कोणाच्याच हिताचे नाही. आणि संताप कितीही असला तरी वीज तोडणे, पाणी बंद करणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे हे मार्ग कधीही पत्करू नयेत. भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडण्यास भाडे नियंत्रण कायद्यात मनाई आहे. जो मालक तक्रारदार म्हणून उभा राहावयाचा, तो अशा एका कृत्याने आरोपी होऊन बसतो.

घर रिकामे होताना यादीप्रमाणे तपासणी करून, काही कपात असल्यास तिचा आकडा आणि कारण लिहून, उरलेले डिपॉझिट किल्ली घेताना त्याच दिवशी परत करावे. रंगाचा नेहमीचा फिकेपणा हे नुकसान नव्हे, तो वापर आहे. भाडेकरूचे दोन-चार हजार ओढून धरणाऱ्या मालकाचे नाव त्या गल्लीत फार लवकर पसरते.

गाळा देताना वेगळी काळजी

कलम २४ ची शीघ्र कार्यवाही केवळ राहण्यासाठी दिलेल्या जागेला उपलब्ध आहे. दुकान, गोदाम किंवा कार्यालय परत मिळविण्यासाठी न्यायालयाचा लांबचा मार्ग धरावा लागतो. म्हणून गाळा देताना माणसाची निवड आणि कराराचा मजकूर यांसाठी अनुभवी वकिलाचा सल्ला घेणे स्वस्त पडते. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा भाडे नियंत्रण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या आहेत. अशा भाडेकरूंशी होणारा करार सर्वस्वी त्यातील अटींवर चालतो.

वस्तू व सेवा कराकडे विशेष लक्ष द्यावे. व्यापारासाठी दिलेल्या जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर आहे. केवळ भाड्याचे उत्पन्न असणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी लागत नाही. परंतु जो व्यापारी आपल्या धंद्यासाठी आधीच नोंदणीकृत आहे, त्याच्या त्याच नावावरील गाळ्याचे भाडे कितीही थोडे असले तरी त्यावर कर आकारावा लागतो. हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. मालक अनोंदणीकृत आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडेकरूने स्वतः भरावयाचा आहे; आपसमेळ योजनेतील व्यापाऱ्यांना यातून नंतर वगळण्यात आले.

भाडेकरू गाळा सोडून गेल्यावर त्या पत्त्यावरची त्याची कर नोंदणी आणि गुमास्ता परवाना त्याने रद्द केला वा बदलून घेतला, याची खात्री डिपॉझिट परत करण्यापूर्वी करावी. नाही तर दुसऱ्याच्या थकबाकीच्या नोटिसा आपल्या दारावर येत राहतात.

जुने भाडेकरू

वडिलोपार्जित वाड्यांत आणि चाळींत पन्नास-साठ वर्षांचे भाडेकरू असतात. त्यांचे भाडे अत्यल्प असते आणि मालकाला ते टोचते. तेथे आजच्या बाजारभावाची भाषा उपयोगाची नाही. कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ घेता येते. ती अनेक मालक मागतच नाहीत. ती लेखी कळवून नियमित घ्यावी आणि दर वेळी पावती द्यावी. स्वतःच्या खऱ्या आणि वाजवी गरजेसाठी, विनापरवाना पोटभाडेकरू ठेवल्यास, किंवा सबळ कारणाविना जागा सलग सहा महिने बंद ठेवल्यास ताबा मागता येतो. मात्र गरजेच्या दाव्यात न्यायालय दोन्ही बाजूंची अडचण तोलून पाहते. पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षांच्या दाव्यापेक्षा समोरासमोर बसून केलेला, नोंदवलेला समझोता दोन्ही घरांना परवडतो.

कराचा हिशेब

घरभाड्यावरील प्राप्तिकर समजण्यास कठीण नाही. वर्षाच्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा करावा. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्ती केली असो वा नसो. वर्षाचे भाडे २,४०,००० रुपये आणि मालमत्ता कर १०,००० रुपये असेल, तर उरलेल्या २,३०,००० रुपयांवर ६९,००० रुपयांची वजावट मिळून १,६१,००० रुपये करपात्र उत्पन्नात धरले जातात. घर कर्जाचे असेल तर व्याजाचा वेगळा विचार होतो. ज्याच्या नावावर घर आहे, त्याच्याच विवरणपत्रात हे उत्पन्न यावे. मालकी दोघांची असेल तर हिश्शाप्रमाणे वाटले जाते. त्यामुळे आईच्या घराचे भाडे मुलाच्या खात्यात घेण्याची सवय मोडावी.

भाडे महिन्याला ५०,००० रुपयांहून अधिक असेल, तर सामान्य भाडेकरूनेही सध्या २ टक्के कर कापून भरणे आवश्यक आहे. मुलगा वा मुलगी परदेशी स्थायिक असून घर त्यांच्या नावावर असेल, तर नियम अधिक कडक आहे : अनिवासी मालकाला दिलेल्या भाड्यातून, रक्कम लहान असली तरी, ३० टक्के आणि त्यावरील उपकर कापावा लागतो. भाडेकरूला हे आधीच सांगितले नाही, तर पुढे त्यालाच दंड सोसावा लागतो. शासन हे दर बदलत असते. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये आपल्या कर सल्लागाराकडून ते तपासून घ्यावेत.

एक वही, जी घरात सर्वांना ठाऊक असावी

प्रत्येक भाड्याच्या जागेसाठी एक फाइल आणि वहीचे एक पान ठेवावे. फाइलमध्ये नोंदणीकृत करार आणि त्याची सूची क्रमांक दोन, सामानाची यादी, पोलिसांकडील नोंदीची पोच, संस्थेला दिलेले पत्र, डिपॉझिटच्या बँक ठेवीची पावती, मालमत्ता कराच्या आणि लाईट बिलाच्या पावत्या असाव्यात. वहीच्या पानावर दरमहा आलेले भाडे, तारीख, केलेली दुरुस्ती आणि करार संपण्याचा दिवस ठळक लिहावा. भाडेकरूकडून आलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. ते मालकाचे कर्तव्यच आहे.

आणि हे पान केवळ कर्त्या पुरुषाला ठाऊक असून चालणार नाही. पत्नीने, सुनेने, मुलीने वर्षातून एकदा तरी ते उघडून वाचावे. भाडेकरूशी त्यांचाही परिचय असावा. मालकाच्या पश्चात भाग दाखल्यावर आणि मालमत्ता पत्रकावर वारसांची नावे लावून घेऊन भाडेकरूशी नवा करार लवकर करावा, कारण गेलेल्या माणसाच्या नावाने चाललेले भाडे हेच पुढच्या भावाभावांतील वादाचे बीज ठरते.

दिवाळीला दुकानाच्या वह्यांचे पूजन होते, तेव्हा ही वहीही त्या पाटावर असावी. नव्या वर्षातल्या कराराच्या तारखा त्याच दिवशी तिच्यात उतरवून घ्याव्यात, आणि घरातील ज्या स्त्रीचा खर्च त्या भाड्यावर चालतो, तिच्या हातूनच त्या लिहवून घ्याव्यात.